गोल आणि कोरडा

फोटो पाच होते, आणि चौथ्या फोटोवर पुरुषोत्तमचं बोट थांबलं. मंगळवारची दुपार होती, जेवणाची सुट्टी. सेक्टर एकोणचाळीसमधल्या संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर, बिघडलेली यंत्रं दुरुस्त करायच्या खोलीत तो एकटाच डबा खात बसला होता आणि रोजच्यासारखा मोबाइलवर जुन्या वस्तूंच्या जाहिराती बघत होता. घ्यायचं काहीच नसे. देशात कुठे कुठे हलके बेस गिटार विकायला निघाले आहेत एवढंच बघायचं. काही माणसं पेपर उघडल्यावर आधी निधनवार्ता वाचतात तसं. आज पिंजौरचा एक निघाला होता. काळा, कार्बन फायबरचा, वरचं डोकं नसलेला, सगळ्या खुंट्या खालच्या अंगाला. चौथा फोटो तारा जिथे टेकतात त्या घोडीच्या अगदी जवळून काढलेला होता, आणि घोडीच्या खाली उजवीकडे नखाएवढा, चंद्रकोरीसारखा एक ओरखडा होता. तो ओरखडा पुरुषोत्तमने स्वतः पाडला होता. मागच्या वर्षीच्या मार्चमध्ये, तारांची उंची बसवताना त्याच्या हातून पाना निसटला होता, आणि तो कितीतरी वेळ माफी मागत राहिला तेव्हा डॉक्टर ठोसर म्हणाले होते, "राहू द्या ना जी. हे काळं सगळं एकसारखंच दिसते. एक खूण तरी झाली."

त्याने पोळीचा तुकडा परत डब्यात ठेवला. विकणाऱ्याचं नाव नव्हतं. नंबर डॉक्टरांचा नव्हता. चोरी झाली असेल, हा पहिला विचार. आणि त्या विचाराने त्याला बरं वाटलं, हे त्याच्या लक्षात आलं. चोरी असती तर फोन करता आला असता. 'डॉक्टर, तुमचा बेस पिंजौरला दिसतोय' असं म्हणता आलं असतं. पण खाली लिहिलं होतं, 'वापर फक्त रविवारी'. विकणारे काहीबाही लिहितात, थापा मारतात. पण हे खरं होतं. तो बेस फक्त रविवारीच वाजला होता, सकाळी दहा ते एक, पुरुषोत्तमच्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये. गेले आठ रविवार तेवढाही नाही. ऑगस्टच्या शेवटी निरोप आला होता, 'या रविवारी ड्यूटी'. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मग तीन रविवारी नुसताच 'ड्यूटी', आणि नंतर काहीच नाही. पुरुषोत्तमनेही विचारलं नव्हतं. विचारायची रीतच नव्हती दोघांत. अडीच वर्षांत त्यांनी एकमेकांना वजनं विचारली होती, तारांची जाडी विचारली होती, खोलीतलं तापमान विचारलं होतं.

ओळख झाली तीही खांद्यामुळे. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं, तेव्हा तो मोठ्या इस्पितळाच्या वेदना विभागात गेला होता. समोर भूलतज्ज्ञ, पन्नाशीचे, टक्कल पडलेले, पाटीवर डॉ. देवेंद्र ठोसर. मानेचा एक्स-रे उजेडात धरून त्यांनी हिंदीत विचारलं, डाव्या खांद्यावर काय अडकवता? पुरुषोत्तम म्हणाला, बेस. अशा वेळी लोक विचारतात, कशाचा बेस. किंवा म्हणतात, अच्छा, गिटार. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले आणि मराठीत म्हणाले, "किती तारा?" चंदीगडमध्ये येऊन तीस वर्षं होत आली होती आणि त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "चार," तो म्हणाला. "लाकडी?" "साडेचार किलो." डॉक्टरांनी मान हलवली, एखाद्याने फार दारू पितो असं कबूल केल्यावर हलवावी तशी, आणि कागदाच्या खाली, गोळ्यांच्या नावांनंतर, लिहून दिलं की साडेचार किलो बंद. मग पेन मिटून म्हणाले, अमरावतीला कॉलेजात मी पण वाजवायचो. आता कार्बनचे निघाले आहेत म्हणतात.

त्या दिवशी तो बाहेर पडला तेव्हा इस्पितळाच्या फाटकाशी मोसंबीच्या रसाची गाडी होती आणि तो तिथे उगाच बराच वेळ उभा राहिला होता. मिरजेची आठवण आली होती. त्याचे वडील मिरजेत सतारींच्या एका दुकानात कामाला होते. भोपळे निवडणं हे त्यांचं काम. टिचकी मारून, कानाशी धरून ते एकेक भोपळा बाजूला ठेवत, आणि पुरुषोत्तमला म्हणत, जड वाद्य सूर पोटात ठेवतं, हलकं वाद्य तो सोडून देतं. त्याला तेव्हा ते पटत नसे. तो एकोणीस वर्षांचा होता, सांगली-मिरजेच्या एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवत होता, गणपतीच्या दिवसांत रोज एका गावात कार्यक्रम, आणि त्या लाकडी धुडाचं ओझं त्याला आवडायचं. मागच्या रांगेत, ड्रमच्या शेजारी, लाइट जिथे पोचत नाही तिथे उभं राहायचं. लोक गाणाऱ्या मुलीकडे बघतात. आपल्याकडे कुणी बघत नाही, पण आपण थांबलो तर सगळ्यांच्या पायांखालचं काहीतरी जातं आणि का गेलं ते कुणाला सांगता येत नाही. एकदा कवठे महांकाळला त्याची तार तुटली होती आणि अख्खा ऑर्केस्ट्रा मागे वळून त्याच्याकडे बघायला लागला होता. एवढ्या जणांनी एका वेळी त्याच्याकडे बघितलं ते त्या एकाच रात्री.

मग नोकरी लागली आणि चंदीगड. इथे सरळ रस्ते, चौकोनी सेक्टर, आकड्यांचे पत्ते. बायको पहिली काही वर्षं इथे होती. मग सांगलीत तिची आई आजारी पडली म्हणून ती गेली, आई सहा वर्षं अंथरुणावर राहिली, आई गेली, आणि ती परत आली नाही. भांडण झालं नाही. कुणी काही ठरवलंही नाही. ती तिकडे एका शाळेत शिकवायला लागली होती, शाळेचं वर्ष संपू दे म्हणाली, आणि मग शाळेचं दुसरं वर्ष सुरू झालं. रविवारी संध्याकाळी फोन असे. आधी अर्धा तास, मग दहा मिनिटं. आता दोघं एकमेकांना हवा कशी आहे ते विचारतात.

बेस हे एकट्याने वाजवायचं वाद्यच नाही, ही त्यातली खरी गोम. सतार घेऊन माणूस एकटा बसला तरी भरून पावतो. बेस घेऊन एकटा बसला की भिंतीपलीकडे कुणीतरी बोलतंय आणि शब्द लागत नाहीत असा आवाज येतो. त्याला वर गाणं लागतं. आणि डॉक्टर भेटले तेही बेसवालेच. दोन बेसवाल्यांना कुठल्याच बँडमध्ये जागा नसते. एकाला दुसऱ्याची गरज नसते. दोघांनी मिळून करता येण्यासारखी एकच गोष्ट शिल्लक राहते, ती म्हणजे तुलना. डॉक्टरांनी बिनडोक्याचा काळा बेस मागवला, पुरुषोत्तमने सहा महिन्यांनी दुसऱ्या बनावटीचा, डोकं असलेला, राखी रंगाचा. विणलेलं काळं कापड राळेत भिजवून साच्यात घट्ट केलेलं. दोन्ही तसलेच, आतून पोकळ. पहिल्या रविवारी त्यांनी ते प्रयोगशाळेच्या तराजूवर ठेवले होते. डॉक्टरांचा दोन किलो तीनशे, पुरुषोत्तमचा दोन किलो सातशे. पट्टा अडकवून हात सोडला की पुरुषोत्तमच्या बेसची दांडी हळूच जमिनीकडे कलायची, कारण अंग हलकं आणि डोकं त्यामानाने जड. डॉक्टरांचा मात्र जिथे ठेवाल तिथे राहायचा. मेच्या उन्हाळ्यात आणि जानेवारीच्या धुक्यात दोन्ही बेसनी सूर सोडला नाही, लाकडाचा बेस तेवढ्यात दोनदा वाकडा झाला असता. हे सगळं एका वहीत डॉक्टर लिहून घेत. आणि मग आवाज. आवाजाचं पुरुषोत्तम सांगायचा. डॉक्टरांच्या बेसचा आवाज गोल आहे, माझा कोरडा. तुमचा खर्ज दह्यासारखा बसतो, माझा ताकासारखा पसरतो. डॉक्टर डोळे मिटून ऐकायचे आणि थोड्या वेळाने म्हणायचे, "हो ना जी. गोल. अगदी गोल." आणि त्या 'अगदी'ने पुरुषोत्तमचा पुढचा सोमवार, मंगळवार निघून जात असे. आपल्याला जे ऐकू येतं ते दुसऱ्या कुणालाही तसंच ऐकू येतं, यापेक्षा जास्त जवळीक त्याला ठाऊक नव्हती.

पण मागच्या डिसेंबरपासून एक गोष्ट त्याने लपवून ठेवली होती. थंडीमुळे संस्थेला चार दिवस सुट्टी होती, डॉक्टरांचा बेस दुरुस्तीसाठी त्याच्याकडे राहिला होता, आणि तो यंत्रांचा माणूस. त्याने दोन्ही बेसना एकाच बनावटीच्या तारा लावल्या, तीच ओळ दोन्हींवर वाजवून कॉम्प्युटरवर घेतली, आणि नावं झाकून, उलटसुलट क्रमाने, हेडफोन लावून स्वतःची परीक्षा घेतली. वीस वेळा. कुठला गोल, कुठला कोरडा. वीसपैकी अकरा बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी दहा आले असते. तो खुर्चीत बसून राहिला. वर्षभर जे त्याला इतकं स्पष्ट ऐकू येत होतं ते कानात नव्हतंच. डोळ्यांत होतं, काळ्या रंगात होतं, बिनडोक्याच्या आकारात होतं. त्याने ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं. रविवारी डॉक्टर आले आणि म्हणाले, "मग? नव्या तारांचं कसं वाटते?" आणि पुरुषोत्तम म्हणाला, "तुमचा जास्तच गोल झालाय." फरक नाही म्हटलं असतं तर तुलना संपली असती. तुलना संपली असती तर रविवारी सकाळी दहा वाजता कोण कशाला आलं असतं?

मंगळवारी त्याने त्या नंबरवर फोन केला नाही. बुधवारी केला. एका मुलीचा आवाज आला, घाईतला, हिंदीतला. हां जी, बिकाऊ है, शनिवार को आ जाइए, तीन के बाद. त्याने नाव सांगितलं नाही आणि तिने विचारलंही नाही. शनिवारी सेक्टर त्रेचाळीसच्या बसअड्ड्यावर तो पिंजौरवरून जाणाऱ्या कालक्याच्या बसमध्ये चढला. ऑक्टोबर संपत आला होता, आणि बस सुटायच्या आधी खिडकीतून सातवीणीच्या फुलांचा तो जड, गोडसर, डोकं धरणारा वास आत येत होता. शेजारी सेक्टर चौतीसच्या कोचिंगमधून घरी निघालेला एक विद्यार्थी मांडीवर पुस्तक उघडं ठेवून झोपला होता. पुरुषोत्तम मनात संभाषणं जुळवत होता. डॉक्टरांनी दुसऱ्याच कुणाला विकला असेल, तो आता पुढे विकतोय. मग मला का नाही विचारलं? मी घेतला असता. की मला कंटाळले? दर रविवारी तेच ते, गोल आणि कोरडा, त्यांच्यासारख्या माणसाला, ज्यांच्या हातून रोज माणसं झोपतात आणि उठतात; मी एक यंत्रदुरुस्तीवाला. हा विचार आल्यावर त्याला घाम आला. आणि एकदम वाटलं, डॉक्टरांना कळलं असेल. त्यांचा कान चांगला. त्यांनी घरी नावं झाकून तसंच करून बघितलं असेल आणि त्यांना कळलं असेल की हा माणूस डिसेंबरपासून आपल्याशी खोटं बोलतोय. पंचकुला मागे पडलं, डोंगर जवळ यायला लागले, आणि त्याला उतरून परत फिरावंसं वाटलं. पण बस थांबत नव्हती आणि तो उठला नाही.

पिंजौरच्या बाजारात उतरून तो तिने फोनवर दिलेला पत्ता विचारत मागच्या वस्तीत गेला. पेरूची झाडं असलेलं एकमजली घर, आणि फाटकावर पाटी, डॉ. देवेंद्र ठोसर. डॉक्टर पंचकुल्याला राहतात असं तो इतके दिवस धरून चालला होता. कधी विचारलंच नव्हतं. त्याने फाटकाच्या कडीवर हात ठेवला आणि तो मागे घेणार तेवढ्यात दार उघडून एक विशीतली मुलगी बाहेर आली. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"आप शिखरे अंकल हैं ना? संडे वाले?"

संडे वाले. या घरात त्याला नाव होतं.

"मैं सलोनी. आपकी फोटो है पापा के फोन में, वो तराजू वाली." मग ती थबकली. "फोन पे आप ही थे? आपने बताया क्यों नहीं?"

"तुझ्या बाबांनीही सांगितलं नाही," तो म्हणाला. आपला आवाज तक्रारीचा येतोय हे त्याला ऐकू आलं. सलोनीला मराठी समजत होतं. तिने मान खाली घातली, मग त्याला आत न नेता पायरीवरच बसली, तोही शेजारी बसला, आणि ती हळू आवाजात सांगायला लागली. पापांना कानाचा आजार आहे. आतल्या कानाचा. चक्कर येते, घर फिरतं, उलट्या होतात. आणि आवाज जातो, पण सगळा नाही. खालचे सूर आधी जातात. डावा कान जवळजवळ गेला. उजव्याने बोलणं ऐकू येतं, पण खालचं त्यातही नाही. ऑपरेशन थिएटरमधल्या मशीनची टिकटिक त्यांना ऐकू यायची, कारण ती वरच्या सुरातली, म्हणून पुष्कळ दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. ऑगस्टमध्ये मात्र थिएटरच्या दारातच पडले. तेव्हापासून घरी आहेत.

"कधीपासून?" पुरुषोत्तमने विचारलं. "ऐकू येत नाही ते?"

"लो वाला? दो साल तो हो गए, अंकल."

त्याने हिशेब केला आणि नको वाटून अर्ध्यात सोडून दिला. दोन वर्षं. म्हणजे जवळजवळ सगळे रविवार. डोळे मिटून बसलेले डॉक्टर त्याला दिसले, आणि तो 'अगदी गोल', आणि त्याच्या आधीची ती थोडीशी थांबलेली वेळ. पुरुषोत्तमला वाटायचं ते ऐकताहेत. ते वाट बघत होते. तो काय म्हणतो याची. त्याला आधी दया आली नाही. आधी रागच आला, लहान मुलाला येतो तसा आंधळा राग, की माझ्या समोर इतके दिवस कुणीच नव्हतं. मी एकटाच बोलत होतो. हा राग सलोनीला दिसू नये म्हणून तो पेरूच्या झाडाकडे बघत राहिला.

डॉक्टर मागच्या गच्चीवर उन्हात बसले होते. वाळले होते. पुरुषोत्तमला बघून ते उठायला गेले, खुर्चीचा हात धरून परत बसले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद आणि पकडले गेल्याची ओशाळवाणी कळा एकदमच आली. "तुम्ही?" ते म्हणाले. "जाहिरात पाहिली वाटते." पुरुषोत्तम जवळच्या खुर्चीवर बसला. थोडा वेळ दोघांनी डोंगराकडे बघितलं. मग डॉक्टरच बोलायला लागले, नेहमीपेक्षा मोठ्याने. "सांगणार होतो. दर रविवारी गाडी चालवताना ठरवायचो, आज सांगतो. मग तुम्ही दार उघडायचे, चहा ठेवायचे, आणि सांगायला लागायचे, गोल, कोरडा, दही, ताक. आणि मला आठवायचं. खोटं नाही सांगत, शिखरे. तुम्ही 'गोल' म्हटलं की मला आठवायचं गोल कसं असते ते. माझे कान तुमच्या तोंडात होते म्हणा ना."

आता बोलायला हवं होतं. पुरुषोत्तमला ते कळत होतं आणि बोललं तर काय होईल हेही कळत होतं. या माणसाजवळ ऐकायला एवढंच उरलं आहे आणि आपण ते काढून घेणार. पण गप्प बसलो तर हा माणूस मरेपर्यंत आपल्या बनावट शब्दांवर जगणार, आणि आपण ते बघत बसणार. आणि त्याहूनही खालचं, ज्याची त्याला लाज वाटत होती ते असं, की गप्प बसलो तर मी पुन्हा एकटाच. तो खाली मान घालून बोलला. डिसेंबरची सुट्टी, तारा, वीस वेळा, अकरा. बोलून झाल्यावर त्याने वर पाहिलं. डॉक्टर शांतपणे डोंगराकडे बघत होते.

"पापा उस तरफ से नहीं सुनते, अंकल," चहा घेऊन आलेली सलोनी दारातून म्हणाली. "राइट में बैठिए."

त्याने खुर्ची उचलली आणि डॉक्टरांच्या पाठीमागून वळसा घालून उजवीकडे ठेवली. डॉक्टरांनी कान पुढे केला. सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं होतं, आणि आता मोठ्याने, आणि मुलीच्या देखत. त्याने सांगितलं. एकेक वाक्य तोडून, अंगणापलीकडे जाईल एवढ्या आवाजात. सांगताना त्याला वाटलं आपण शाळेत बाकावर उभे आहोत.

"वीसपैकी अकरा?" डॉक्टर म्हणाले.

"अकरा."

"म्हणजे छापा-काटाच." त्यांनी चहाचा कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. "आणि एप्रिलमध्ये? मी तारा बदलून आणल्या होत्या, तुम्ही म्हणाले, आज तुमचा खर्ज ओल्या मातीसारखा लागतोय."

"बनवलं होतं."

"का?"

"तुम्ही पुढच्या रविवारी यावं म्हणून."

गच्चीच्या कठड्यावर एक साळुंकी बसली आणि उडाली. "त्या दिवशी मी घरी येऊन हिला सांगितलं होतं," ते शेवटी सलोनीकडे बघून म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज लहान होता, "आज मला ऐकू आलं म्हणून. ओल्या मातीसारखं. हिची आई रडली होती. आम्ही त्या संध्याकाळी जिलेबी आणली."

सलोनी आत निघून गेली. पुरुषोत्तमला वाटलं आता डॉक्टर ओरडतील, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं. पण ते म्हणाले, "मला ऐकू आलं होतं ना जी. ते बनवलेलं नव्हतं." आणि थोड्या वेळाने, "तुम्ही जा आता. बस सुटेल तुमची." त्यांनी हात जोडले नाहीत, हाकलूनही दिलं नाही. पुरुषोत्तम उठला. फाटकापर्यंत सलोनी सोडायला आली, आणि तिने विचारलं की बेस बघायचा आहे का. तो नाही म्हणाला. परतीच्या बसमध्ये त्याला बसायला जागा मिळाली नाही. तो वरचा दांडा धरून उभा राहिला, मानेतून दंडात आणि दंडातून त्या दोन बोटांत कळ उतरत गेली, आणि त्याने हात बदलला नाही.

पुढच्या बुधवारी जाहिरात दिसेनाशी झाली. कुणी घेतला ते त्याला कळलं नाही. सेक्टर चौतीसमधल्या एखाद्या मुलाने घेतला असेल. तो त्यावर मोठा आवाज करत असेल, आणि त्या ओरखड्यामुळे त्याला थोडी सूट मिळाली असेल. पुरुषोत्तमने त्या आठवड्यात आपला राखी बेस खोळीतून काढलाच नाही. डब्याच्या वेळी मोबाइल उलटा ठेवून तो जेवायचा. शनिवारी मात्र त्याने खोली झाडली, चहापत्ती आणली, आणि स्वतःशीच हसला, की आता कुणासाठी.

रविवारी दहा वाजून पाच मिनिटांनी दार वाजलं. डॉक्टर होते, एकटे, दोन्ही हात मोकळे. "बसने आलो," ते म्हणाले. "गाडी चालवू देत नाहीत." आत येऊन ते भिंतीला लागून असलेल्या नेहमीच्या खुर्चीवर बसले, आणि पुरुषोत्तमने चहा टाकला. चहा झाला. कप खाली ठेवले गेले. पूर्वी इथे वही निघत असे. आता दोघांनाही हातांचं काय करावं ते कळेना. पुरुषोत्तमने बसायचा वेताचा मोढा ओढून त्यांच्या उजव्या बाजूला घेतला. बाहेर कुणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती, पुन्हा पुन्हा किक मारत होतं कुणीतरी. डॉक्टरांना ती ऐकू येतेय की नाही ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं, आणि पुरुषोत्तमच्या मनात आलं, अडीच वर्षांत आपण त्यांच्या चेहऱ्याकडे असं कधी बघितलंच नाही. हातांकडे बघितलं, तारांकडे बघितलं.

"रागावलो होतो," डॉक्टर म्हणाले. "अजून राग आहे थोडा. पण रविवारी सकाळी मला करायला दुसरं काही नाही."

"मलाही नाही."

"काय?"

"मलाही नाही!"

डॉक्टरांनी मान हलवली. मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली, पहिल्यांदाच आल्यासारखी. एकच खाट, दोरीवर एकच टॉवेल, खिडकीत औषधाच्या बाटल्या. "तुमच्या घरी कोण कोण असते?" त्यांनी विचारलं. आणि मग, इतक्या दिवसांनी हे विचारतोय याचं स्वतःलाच नवल वाटून, "वहिनी असतील ना?"

"सांगलीला असते."

"नाव काय त्यांचं?"

"शैलजा," पुरुषोत्तम म्हणाला. डॉक्टरांनी कानामागे हात धरला आणि पुढे वाकले. त्याने घसा साफ केला. हे नाव त्याने कित्येक वर्षांत कुणासमोर उच्चारलं नव्हतं; फोनवर त्याची गरज पडत नसे, तिथे 'अगं'वर भागायचं, आणि ती इथे होती तेव्हाही तो तिला मोठ्याने कधी हाक मारत नसे, क्वार्टरच्या भिंती पातळ म्हणून. तो सगळ्या छातीतून म्हणाला, "शैलजा!" खिडकीची काच थरथरली असं त्याला वाटलं. शेजारच्या घरातलं बोलणं क्षणभर थांबलं.

"शैलजा," डॉक्टर हळूच म्हणाले, बरोबर ऐकलं ना याची खात्री करून घ्यावी तसे. त्यांनी खुर्ची थोडी वळवून उजवा कान त्याच्याकडे केला.

"सांगा," ते म्हणाले.